हाल्मस्टाड की माल्मो?

स्वीडिश सर्रिअलिझम, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन रंगवणारी कला, पाहायचा तर दोन गट समोर येतात. पहिला पश्चिम किनाऱ्यावरच्या हाल्मस्टाडचा, 1929 पासूनचा. सहा चित्रकार, त्यात अ‍ॅक्सेल आणि एरिक ओल्सन हे सख्खे भाऊ, वाल्डेमार लोरेन्टसन त्यांचा चुलतभाऊ. एरिक आणि लोरेन्टसन पॅरिसला फ्रेंच चित्रकार फर्नां लेजेकडे शिकले, म्हणून सुरुवातीला सगळं घनवादी, म्हणजे भौमितिक आकारांचं, घोटीव. तीच शिस्त घेऊन ते 1930च्या दशकात स्वप्नांकडे वळले. रिकामी पुळण, सपाट क्षितिज, लांबलचक सावल्या. रंग इतका गुळगुळीत की ब्रशचा माग लागत नाही. समुद्र मात्र घरचाच. मला तेच भिडतं.

दुसरा गट महायुद्धानंतरच्या माल्मोतला, इमॅजिनिस्टांचा. सी. ओ. हल्टेन खरबरीत पृष्ठभागावर कागद ठेवून घासायचा आणि उमटलेल्या पोतातून प्राणी, रोपं शोधायचा. मॅक्स वॉल्टर स्वानबेर्गच्या नटलेल्या, अर्धपक्षी स्त्रिया सर्रिअलिझमचा प्रणेता आंद्रे ब्रेतोंलाही भावल्या. पण स्वानबेर्ग 1953 मध्येच बाहेर पडला. हाल्मस्टाडवाले अनेक दशकं एकत्र राहिले.

धाडस माल्मोकडे जास्त, हे मान्य. तरी आधी हाल्मस्टाडजवळचं म्येल्बी कलासंग्रहालय गाठा.