सहल ठरलेली आणि घरात आजारपण: बदलता येणाऱ्या बुकिंगचा वापरानंतरचा अनुभव

सांगलीहून उत्तरेकडे निघणाऱ्या कुटुंबांचा बेत बहुतेक वेळा सारखाच असतो. जाताना गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून गाडी करून सिमला-मनाली, येताना विमानानं पुणे. बरोबर आई-वडील, कधी मावशी किंवा काका. गेल्या सुट्टीच्या हंगामापासून असं बुकिंग मी बदलता येईल अशाच पद्धतीनं करतो: तिकिटं दोन-तीन पीएनआरमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या आरक्षण क्रमांकांवर) विभागून, खोल्या मोफत रद्द होणाऱ्या दरानं आणि वर प्रवास विमा. आजारपणामुळे बेत बदलताना सगळ्यात जास्त उपयोग तिकिटांच्या विभागणीचा होतो, त्याखालोखाल हॉटेलच्या दराचा. विमा तिसरा, कारण त्याचे पैसे मिळतात पण अटी वाचून घेतल्या असतील तरच.

आधी रेल्वे. आयआरसीटीसीवर एका पीएनआरमधला एकच प्रवासी रद्द करता येतो, मग विभागणी कशाला, असं बरेच जण विचारतात. उत्तर बोर्डिंग स्टेशनमध्ये आहे. पेशंटला मिरजेहून पुण्याला हलवलं, तर सोबत थांबलेल्या मुलाला पुण्यातूनच गाडीत चढता येतं, कारण गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते. पण बोर्डिंग बदललं की ते त्या पीएनआरमधल्या सगळ्यांना लागू होतं, सांगलीला चढायचा हक्क जातो आणि हा बदल एकदाच करता येतो. न बदलता परस्पर पुण्याला चढायचं ठरवलं, तर तोवर टीसीनं ती जागा रिकामी धरून आरएसीवाल्याला (अर्धा बर्थ मिळालेल्या प्रवाशाला) दिलेली असू शकते. म्हणून ज्यांच्या तब्येतीचा भरवसा नाही ते आणि त्यांच्यासोबत राहणारा एक जण, या दोघांचं तिकीट पहिल्यापासून वेगळं काढावं.

आजारी माणसाच्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं, पण यादी छोटी आहे: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. सून, जावई, सासू, पुतण्या त्यात नाहीत. मावशीचा बर्थ भाचीला मिळत नाही, तो रद्दच करावा लागतो. नाव बदलण्याचा अर्ज ऑनलाइन होत नाही. गाडी सुटण्याच्या किमान 24 तास आधी आरक्षण खिडकीवर तिकिटाची प्रिंट, दोघांची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारा कागद घेऊन जावं लागतं, आणि तेही एका तिकिटावर एकदाच.

लवकर रद्द केलं तर थ्री एसीला माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी, स्लीपरला 120 रुपये कापले जातात. गाडीची वेळ जवळ येते तशी कपात भाड्याच्या 25 आणि मग 50 टक्क्यांवर जाते. चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागला की कन्फर्म तिकिटाचं काही परत येत नाही, कन्फर्म तत्काळचं तर कधीच नाही. चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी नाही, त्याच्या बराच आधी लागतो. त्यामुळे ‘सकाळी डॉक्टर राउंडला आले की ठरवू’ हे महागात पडतं. आदल्या दिवशीच ठरवावं.

तिकीट एजंटनं काढलं असेल तर रद्दही त्याच्याच आयडीवरून होतं, आणि परताव्याचा ओटीपी तिकिटावर नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर एजंटनं स्वतःचा टाकलेला नाही ना, हे तिकीट हातात आल्याबरोबर बघा. खिडकीवर काढलेलं तिकीट वेबसाइटवरून किंवा रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर रद्द करता येतं, पण पैसे मूळ तिकीट दाखवून खिडकीवरच घ्यावे लागतात. आणि तिकीट काढताना टिक केलेला 45 पैशांचा विमा हा रेल्वे अपघाताचा आहे. आजारपणाशी त्याचा काही संबंध नाही.

विमानाचं तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सगळं बुडत नाही. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर, यूडीएफ (विमानतळ विकास शुल्क) आणि पीएसएफ (प्रवासी सेवा शुल्क) परत द्यावेच लागतात. पैशांऐवजी क्रेडिट शेल (त्याच कंपनीकडे पुढच्या तिकिटासाठी जमा राहणारी रक्कम) घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असतं, कंपनीनं नाही. तारीख बदलण्याआधी बदलाचं शुल्क आणि नव्या दिवसाच्या भाड्यातला फरक यांची बेरीज करा. मे महिन्यात ती बऱ्याचदा नव्या तिकिटाच्या जवळ जाते. वेब चेक-इन झालं असेल तर आधी ते मागे घ्यावं लागतं, नाहीतर रद्दचं बटण चालत नाही.

हॉटेलला ॲपवर रद्द करण्याआधी थेट फोन करावा आणि ‘रद्द नको, तारीख पुढे द्या’ असं मागावं. मालक ऐकतो, कारण पैसे त्याच्याकडेच राहतात. तो हो म्हणाला की ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि मगच ॲपवर विनंती टाका. उलट क्रमानं गेलं तर ॲप आधी दंड कापतं, मग हॉटेलवाल्याच्या हातात काही उरत नाही. मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट बुकिंगच्या दिवशीच ठेवावा. गाडीवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम मात्र बहुधा पुढच्या तारखेला सहज वळती होते.

आता विमा. विमानाच्या ॲपवर जो विमा टिक करायला सांगतात त्यात पुष्कळदा सामान, उशीर आणि अपघात एवढंच असतं. ‘ट्रिप कॅन्सलेशन’ हे कलम वेगळं शोधावं लागतं. त्यातही तीन गोष्टी पाहा. कुटुंबाच्या व्याख्येत सासू-सासरे येतात का? जो प्रवासाला येणारच नाही, अशा घरी असलेल्या आजीचं आजारपण धरतात का? आणि आधीपासूनचा आजार वगळलाय का? आपल्याकडे साठीच्या पुढच्या माणसाला बीपी-शुगर असतेच, आणि बहुतेक नकार याच शेवटच्या मुद्द्यावर येतात.

म्हणून डॉक्टरांच्या पत्रात नुसतं ‘ॲडमिट आहेत’ पुरत नाही. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची तारीख-वेळ, निदान, त्रास केव्हा सुरू झाला आणि कोणत्या तारखेपर्यंत प्रवास टाळायचा, हे सगळं हवं. घाईत दाखल करताना नातेवाईक घरात हाक मारतात तेच नाव सांगतात, ते आधारशी जुळत नाही आणि दावा अडकतो. ते लगेच दुरुस्त करून घ्यावं, डिस्चार्ज कार्ड छापल्यावर वेळ जातो. विमा फक्त बुडालेली रक्कम देतो, त्यामुळे प्रत्येक रद्द बुकिंगची कापलेली रक्कम दाखवणारी पावती जोडावी लागते. ‘रद्द झालं’ एवढा मेसेज चालत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मुदत नकारापासून एक वर्ष. हॉटेल किंवा सहल कंपनीनं पैसे अडवले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.