नगरसेवकाची रिकामी खुर्ची, निवडणुकीऐवजी नेमणूक: पाचपैकी तीन स्टार

टॅक्स भरतो म्हणजे गिऱ्हाईकच झालो ना, मग रिव्ह्यू टाकायला काय हरकत आहे. तर सर्व्हिस अशी आहे की अमेरिकेत सिटी कौन्सिलचा एखादा मेंबर मधेच राजीनामा देतो, वारतो, नाहीतर वरच्या पदावर निवडून जातो, आणि बऱ्याच शहरांत त्याची खुर्ची पोटनिवडणूक न घेता उरलेले मेंबरच अर्ज मागवून, इंटरव्ह्यू घेऊन भरून टाकतात. आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकाशी गल्लत करू नका हं, त्याला सभागृहात मत नसतं. इथे नेमलेला माणूस शपथ घेतली की बजेटपासून झोनिंगपर्यंत (कुठल्या जागेवर काय बांधता येईल त्याचे नियम) सगळ्यावर मत टाकतो, एकाही मतदाराने त्याला निवडलेलं नसताना.

डिलिव्हरी फास्ट, हे मानलं पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात एकतर नेमणूक करा नाहीतर स्पेशल इलेक्शन जाहीर करा. सिएटलच्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीत, तर फक्त २० दिवस. स्पेशल इलेक्शन म्हटलं की मतपत्रिका छापा, स्टाफ लावा, महिनोन्‌महिने त्या वॉर्डाला आवाज नाही, आणि एवढं करून मतदानाला येणार मोजकेच लोक. खर्च वाचतो हे खरंच आहे. पण सगळीकडे मॉडेल एकच नाही, शिकागोत मेयर नाव काढतो आणि कौन्सिल फक्त मंजुरी देतं, न्यूयॉर्क सिटीत सरळ स्पेशल इलेक्शन लागतं.

आता वापरायचा अनुभव. आमच्या शहरात इंटरव्ह्यू उघड्या बैठकीत झाले, लाइव्ह दिसत होते, त्याला पूर्ण मार्क. पण प्रश्न काय, तर 'तुम्हाला शहराची सेवा का करावीशी वाटते'! अहो, याचं उत्तर कोण वाईट देईल? भाडं, पोलिसांचं बजेट, रखडलेली बांधकामं, ज्यावर पुढच्या महिन्यात मत द्यायचंय त्याबद्दल एक अक्षर नाही. लोकांना बोलायला वेळ होता, तोही मेंबरांची मनं आधीच ठरलीयेत असं वाटावं इतक्या उशिरा. मग मतदानाच्या फेऱ्या. कौन्सिल सहसा विषम संख्येचं असतं, त्यातून एक गेला की उरतात सम, म्हणजे पाचाचे चार, साताचे सहा, आणि टाय व्हायला मोकळं रान. आमच्याकडे तेच झालं, बराच वेळ कोणी हलेना, आणि शेवटी जो कोणालाच फार आवडत नव्हता पण कोणाला खुपतही नव्हता असा माणूस निवडला गेला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक भारी गंमत आहे. वॉर्डवार निवडणूक होणाऱ्या शहरात जाणारा मेंबर आपल्याच वारसाच्या नेमणुकीत मत देऊ शकतो, अट एवढीच की राजीनामा नवीन माणूस आल्यावरच लागू व्हायला हवा, आणि मत घरच्याला किंवा हितसंबंध असलेल्या कोणाला द्यायचं नाही. टाय सुटायला मदत होते हे कबूल, पण सोडून जाताना किल्ली कोणाला द्यायची हेही स्वतःच ठरवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

माझा मुख्य आक्षेप पुढचाच आहे. नेमलेला माणूस पुढच्या निवडणुकीला 'विद्यमान' म्हणून उतरतो. पोस्टरवर पद, हातात ऑफिस, देणगीदारांचे फोन, बाकीचे उमेदवार शून्यापासून सुरू करतायत. दरवेळी जिंकतो असं मात्र नाही. सिएटलमध्ये तान्या वू नोव्हेंबर २०२३ मध्ये टॅमी मोरालेस यांच्याकडून हरल्या, आणि दोनच महिन्यांत, जानेवारी २०२४ ला, कौन्सिलने त्यांना दुसऱ्या, शहरव्यापी सीटवर नेमलं. म्हणजे मतदारांनी पुढच्या दाराने परत पाठवलं आणि कौन्सिलने बाजूच्या दाराने आत घेतलं. नोव्हेंबर २०२४ ला त्याच सीटवर लोकांनी अ‍ॅलेक्सिस मर्सिडीज रिंक यांना निवडून दिलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मोरालेस यांनी स्वतः पद सोडलं तेव्हा मार्क सोलोमन नेमले गेले, तेही २०१९ ला मोरालेस यांच्याकडूनच हरलेले, पण यांनी पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही असं आधीच सांगितलं होतं.

मला हे 'केअरटेकर' व्हर्जन जास्त पटतं. यालाही लोचा आहेच, ज्याला परत मतदारांसमोर जायचंच नाही तो ऐकणार कोणाचं? पण चार-सहा महिन्यांचा प्रश्न असेल तर मी ते चालवून घेईन. तीन-साडेतीन वर्षांची टर्म उरली असेल तर अजिबात नाही, तिथे निवडणूकच घ्या, खर्च झाला तर झाला. कॅलिफोर्नियाने यावर बरा तोडगा काढलाय: टर्मच्या पहिल्या अर्ध्यात जागा रिकामी झाली आणि पुढची नेहमीची शहर निवडणूक किमान १३० दिवस लांब असेल, तर नेमलेला माणूस फक्त त्या निवडणुकीपर्यंतच बसतो, मग उरलेल्या टर्मसाठी लोक मत देतात.

स्पीडला पाच, खर्चाला चार, लोकांचं ऐकण्याला दोन, टाय झाल्यावरच्या गोंधळाला एक. तुमच्या शहरात खुर्ची रिकामी झाली तर बैठकीच्या दिवसाची वाट बघू नका, अर्जांची मुदत संपायच्या आधीच कौन्सिलला ईमेल टाका की प्रत्येक उमेदवाराला दोन गोष्टी उघडपणे विचारा, पुढे उभा राहणार का, आणि समोर आलेल्या अमुक ठरावावर मत काय.