हाताचा ब्रेस्ट पंप की विजेचा?

भुसावळहून जळगावला रोज नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरी प्रथम उभा राहिला. विजेचा दुहेरी पंप दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी, साधारण 15 ते 20 मिनिटांत काढतो. दिवसातून दोन-तीनदा दूध काढावे लागणाऱ्या आईसाठी, माझ्या मते, तोच योग्य आहे, मात्र वीज जाण्याचा विचार करून बॅटरीवर चालणारा घ्यावा. हाताचा पंप स्वस्त असून त्याचा आवाजही होत नाही. परंतु रोज दाबून दाबून मनगट भरून येते, म्हणून तो अधूनमधून वापरण्यापुरताच बरा.

कोणताही पंप घेतला तरी त्याचे फनेल, म्हणजे स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग, स्तनाग्राच्या मापाचे हवे. बहिणीचे फनेल लहान निघाले, स्तनाग्र कडेला घासून लाल झाले आणि दूधही कमी येऊ लागले. माप बदलताच दुखणे थांबले.

काढलेले दूध 25 अंश तापमानापर्यंत सुमारे चार तास टिकते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकणाऱ्या खानदेशात बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासची पेटी पंपाइतकीच आवश्यक आहे.