धबधब्यावरचं रॅपलिंग की सुळक्यावरची चढाई: ओढ नेमकी कशाची?

रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याची, सगळी गंमत पहिल्या दोन पावलांत. दरीकडे पाठ करून दोरावर भार टाकायचा, बस्स. भीती तिथेच ओसरते, म्हणून नवखेही रांग लावतात. घोटाळा होतो तो मोकळे केस किंवा शर्ट डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या साधनात, अडकल्यावर.

जीवधन किल्ल्याशेजारच्या वानरलिंगी सुळक्यावर आघाडीला चढणाऱ्याचं गणित वेगळं. दोर अडकवलेला कातळातला शेवटचा बोल्ट 3 मीटर खाली असेल, तर हात सुटल्यावर किमान 6 मीटर पडणार. दोर ताणला जातो तो वेगळाच. त्यामुळे शंका वाटणारी प्रत्येक पकड आधी ठोकून पाहायची; पोकळ वाजली की सोडायची. असं तासन्‌तास चाललं की डोक्यात दुसरा विचारच उरत नाही, आणि खरी नशा त्याचीच. माथा निमित्तमात्र. नुसता फोटो हवा असेल, तर रॅपलिंग पुरे.