फिश टँकमधलं चिवट शेवाळ: सकर घ्यावा, बाटली घ्यावी की टायमर?

कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या दुकानात जाऊन "टँकमध्ये शेवाळ फार होतंय हो" म्हटलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट हातात पडते. एक तर पाण्याच्या पिशवीत बोटभर सकर, म्हणजे काच चाटणारा मासा, नाहीतर रोज चार थेंब टाका म्हणून एखादी बाटली. दुकानदाराला तरी काय बोल लावणार? "दिवा कमी वेळ लावा" हा सल्ला पिशवीत बांधून विकता येत नाही. पण दोन फुटी टँक, त्यात दहा-बारा गप्पी-टेट्रा आणि थोडी झाडं असलेल्या माणसाने पैसे कशावर घालावेत, असं विचाराल तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी टायमर, मग केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवाळ खाणारे मासे त्यानंतर, आणि तांब्याचं शेवाळनाशक जवळपास कधीच नाही.

तुलना करण्याआधी शेवाळ कुठलं आहे ते बघा, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी धूळ बसते, ती बोटाने पुसली जाते आणि काही आठवड्यांत आपसूक कमी होते. तिच्यासाठी काहीच विकत घेऊ नका. काचेवरचे हिरवे कडक ठिपके जुन्या ब्लेडने खरवडायचे (टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड नको, जुनं एटीएम कार्ड वापरा). पाणीच हिरवं झालं असेल तर ते तरंगतं शेवाळ. चादरीसारखा सोलून निघणारा, कुबट वासाचा निळसर-हिरवा थर म्हणजे खरं तर शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. आणि फिल्टरच्या पाइपावर, अनुबियासच्या पानांच्या कडांना काळपट केसाळ झुपके आले असतील, नखाने ओढूनही निघत नसतील, तर ते ब्लॅक बिअर्ड. लोक ज्याला कंटाळून टँक विकायला काढतात, ते बहुतेक हेच.

आता प्रकाश. मुंबईच्या फ्लॅटमध्ये टँक असतो हॉलमध्ये. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी तीनपासून ऊन थेट काचेवर, आणि टँकचा दिवा टीव्ही बंद होईपर्यंत चालू, कारण तो छान दिसतो. मिळून बारा-चौदा तास सहज होतात. प्लगमध्ये बसणारा टायमर लावून दिवा सहा-सात तासांवर आणा. संध्याकाळी चार ते रात्री दहा ठेवला तर ऑफिसातून आल्यावर मासे बघायलाही मिळतात. खिडकीकडच्या बाजूला मागून काळा कागद चिकटवा. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि आधीच चिकटलेलं ब्लॅक बिअर्ड याने मरत नाही, फक्त नवं येणं मंदावतं. तरीही पहिला खर्च हाच, कारण दिवा चौदा तास जळत असेल तर बाकीचे सगळे उपाय दर महिन्याला पुन्हा करावे लागतात.

याचाच जहाल प्रकार म्हणजे पूर्ण अंधार. टँकवर जाड चादर टाकायची, तीन-चार दिवस दिवा नाही, खाणं नाही. मोठ्या, निरोगी माशांना तेवढा उपास सहज झेपतो. हिरव्या पाण्यावर आणि निळसर थरावर हा उपाय चांगला चालतो, ब्लॅक बिअर्डला फारसं काही होत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मरणारं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, म्हणून एअर पंप चोवीस तास चालू हवा. आणि मे महिन्यात, टँकचं पाणी एकतीस-बत्तीस अंशांवर गेलेलं असताना, हे करू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. गणपतीला गावी जाणाऱ्यांना मात्र हे आयतंच जमतं. चादर टाका, पंप चालू ठेवा आणि शेजारच्या काकूंना चावी दिलीत तरी माशांच्या खाण्याचा डबा कपाटात ठेवून जा. प्रेमापोटी चिमटीऐवजी मूठभर खाणं पडतं, आणि परत आल्यावर जे हिरवं दिसतं ते त्या मुठीचं असतं. चादर काढल्यावर निम्मं पाणी दोन टप्प्यांत बदला.

सकरबद्दल जरा स्पष्ट बोलतो. बाजारात सकर म्हणून मिळतो तो साधा प्लेको बोटाएवढा असतो तोवर काच चाटतो. मोठा होतो तसा तो माशांच्या खाण्यावरच ताव मारतो, फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि घाण इतकी करतो की शेवाळाला खतच मिळतं. दोन फुटी टँकसाठी याहून वाईट खरेदी मला सुचत नाही. ब्रिसलनोज प्लेको चार-पाच इंचांवर थांबतो, म्हणून प्लेकोच हवा असेल तर तो. ऑटोसिन्क्लस हा मासा छोटा आणि गुणी, पण नाजूक. त्याला मुरलेला, म्हणजे काही महिने चालू असलेला टँक आणि थंड पाणी लागतं, आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. नेराइट गोगलगायी काच अप्रतिम साफ करतात. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत, फक्त पांढरी अंडी लाकडावर ठिपक्यांसारखी चिकटतात. नळाला तलावाचं मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी असलं की त्यांचं कवच हळूहळू झिजतं, हेही लक्षात असू द्या.

ब्लॅक बिअर्ड खाणारा म्हणून नाव घेतात ते सायामीज अल्गी ईटरचं, आणि लहानपणी तो खरंच खातो. पण त्याच्या नावाखाली बऱ्याचदा चायनीज अल्गी ईटर गळ्यात मारतात. पिशवी उजेडात धरून बघा. सायामीजची काळी पट्टी अंगावरून थेट शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते. चायनीजचं तोंड खाली, चिकटणारं असतं आणि मोठा झाल्यावर तो चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खातो. टँकमध्ये एंजल मासे असतील तर विचारूच नका. खरा सायामीजसुद्धा सहा इंचांचा होतो आणि पोट भरलेलं असेल तर शेवाळाकडे ढुंकून बघत नाही. थोडक्यात, प्राणी हे साफसफाई टिकवण्यासाठी ठीक, चढलेलं शेवाळ उतरवायला नव्हेत.

ते उतरवायला पेरॉक्साइड. आपल्याकडे केमिस्टकडची बाटली बहुधा 6 टक्क्यांची असते, लेबल वाचा आणि तितकंच पाणी घालून 3 टक्के करा. 24×12×12 इंचांच्या टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं, वाळू-दगड धरून 45च्या आसपास उरतं. दर 4 लिटरला 3 टक्क्यांचं 1 मिली हे मी एका दिवसाचं कमाल माप धरतो, म्हणजे तुमच्या टँकला साधारण 11 मिली. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, सिरिंजचं टोक झुपक्याला जवळजवळ टेकवून अगदी हळू सोडा. झुपक्यातून बारीक बुडबुडे फुटून वर यायला लागतात. पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. दोन-तीन दिवसांत काळा झुपका विटकरी, मग गुलाबी होतो. हे शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या कुळातलं, मरताना त्याचा दडलेला लाल रंग वर येतो. गुलाबी झालं की कोळंबीसुद्धा ते खाते. एका वेळी तीन-चारच झुपके घ्या. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या झाडांपासून सिरिंज लांब ठेवा, त्यांना हे सोसत नाही.

लिक्विड कार्बन म्हणून विकलं जाणारं ग्लुटराल्डिहाइडही ब्लॅक बिअर्ड मारतं, कदाचित जास्त खात्रीने. पण ते रोज घालावं लागतं, व्हॅलिसनेरिया विरघळवतं, आणि मुळात ते दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करण्याचं रसायन आहे. त्याचा वाफारा दम्याच्या माणसाला त्रास देतो. वन रूम किचनमध्ये, जिथे टँकपासून चार फुटांवर लहान मूल झोपतं, तिथे मी ते ठेवणार नाही. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं.

तांब्याची शेवाळनाशकं गोगलगायी-कोळंबी सरसकट मारतात आणि मृदू पाण्यात तांबं माशांनाही जास्त बाधतं. महापालिकेचं तलावांचं पाणी मृदूच असतं, त्यामुळे बाटलीवरचं माप आपल्याकडे जास्त कडक लागू शकतं. निळसर थरावर अँटिबायोटिक टाकायचा सल्लाही ऐकू येतो. त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात. त्यापेक्षा तो थर नळीने ओढून काढा आणि अंधार करा. यूव्ही दिवा फक्त हिरव्या पाण्याला. त्यासाठी तो चोख आहे, काचेवरच्या शेवाळाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

यातलं काहीही निवडलंत तरी आठवड्याला एक बादली, म्हणजे पंधरा लिटर, पाणी बदलावंच लागेल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन घालून. पाणीकपातीच्या दिवसांत ते जमत नसेल तर खाणं निम्मं करा आणि हॉर्नवर्ट किंवा वॉटर स्प्राइट भरपूर तरंगत सोडा. भराभर वाढणारी ही झाडं शेवाळाचं खाणं आधी खातात आणि वरून सावलीही धरतात. दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिश असतील तर मात्र पैसे औषधावर घालवू नका, मोठ्या टँकसाठी साठवा.

आणि सकर आधीच घेऊन झाला असेल, तर तो दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्याला द्या. पवई तलावात किंवा सोसायटीजवळच्या तळ्यात सोडू नका. ही जात देशातल्या तलाव-नद्यांमध्ये आधीच पसरली आहे आणि तिथे तिला बाहेर काढणारं कुणी नाही.