कामगाराच्या घरचं गाणं: चावीचा ग्रामोफोन की कॅसेट?

1906 साली कोल्हापुरात शाहू मिल या कापडगिरणीची पायाभरणी झाली, त्या काळात गाणं लाखेच्या तबकडीवर मिळे. दहा इंची तबकडी, मिनिटाला साधारण 78 फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लावणी त्यात कशीबशी मावे. पोवाड्याचे मात्र तुकडे करावे लागत आणि ऐन रंगात आलेली चढण तुटे. हे नुकसान फार मोठं. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, एवढीच सोय. पोलादी सुई दर बाजूला बदलायची. झिजलेली सुई खाचा खरवडते, मग खरखर कायमची.

साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला सलग अर्धा तास. शिवाय रेकॉर्डिंगचं बटण! गल्लीतलं भजन, शाहिराचा कार्यक्रम घरीच टिपता येई. कामगारासाठी कॅसेटच सरस, ती याचमुळे.

मात्र कोल्हापुरातल्या उद्यमनगरासारख्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांच्या, भागात धूळ तिची वैरी. टेप पुढे ओढणारा रबरी रोलर मळला की टेप गुंडाळून चुरगाळते. कापसाला स्पिरिट लावून रोलर आणि हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) पुसावं, वाळल्यावरच कॅसेट घालावी. सैल टेप पेन्सिलीनं फिरवून ताणून घ्यावी.