निस्सान आयडीएक्स : चौकोनी सेडानचे देखणे पुनरागमन आणि गिअरपाशी अडलेले मन

नोव्हेंबर २०१३ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये निस्सानने आयडीएक्स या नावाच्या दोन कॉन्सेप्ट गाड्या मांडल्या. त्याच प्रदर्शनात कंपनीची ब्लेडग्लायडर ही त्रिकोणी बांध्याची, तीन आसनांची, विजेवर चालणारी गाडीही होती आणि उद्याची मोटार कशी असेल हे दाखवण्याचे काम खरे तर तिच्याकडे होते. तरीही इतक्या वर्षांनंतर कारप्रेमींच्या बोलण्यात वारंवार येते ती आयडीएक्सच. विक्रीला कधीच न आलेल्या गाडीचे परीक्षण करताना मायलेज, सर्व्हिस किंवा टिकाऊपणा यांविषयी बोलता येत नाही. अशा गाडीला मी एकच कसोटी लावतो : तिचा चेहरा जे कबूल करतो, ते तिच्या यंत्ररचनेत उतरले आहे का?

चेहऱ्यापासूनच सुरुवात करू. आयडीएक्स पाहताक्षणी जुन्या जाणकारांना डॅट्सन या निस्सानच्याच जुन्या ब्रँडची ५१० आठवली. जपानमध्ये १९६७ साली ब्लूबर्ड या नावाने आलेली ही छोटी सेडान अमेरिकेत ५१० आणि इतर काही बाजारांत १६०० या नावाने विकली गेली. बॉनेट, प्रवाशांची बैठक आणि डिकी असे तीन स्पष्ट डबे, दारांवरून मागेपर्यंत गेलेली सरळ रेघ, बारीक खांबांवर ठेवल्यासारखे वाटणारे छत, ही त्या गाडीची ओळख होती, आणि आयडीएक्सने नेमके तेच उचलले. तिला दोनच दारे असल्यामुळे पुष्कळ जण तिला कूपे म्हणतात. मला ते पटत नाही. छत मागच्या आसनांपर्यंत सरळ जाते, मागची काच उभी उतरते आणि डिकी वेगळी दिसते, हा सगळा घाट सेडानचाच आहे. मूळ ५१० सुद्धा दोन दारांच्या सेडानच्या रूपात मिळत असे आणि अमेरिकेतील शर्यतींत नाव कमावले ते त्याच रूपाने.

आयडीएक्सची दोन रूपे होती. फ्रीफ्लो हे रोजच्या वापराचे, साधे आणि प्रसन्न रूप. त्याच्या आसनांना जीन्ससारखे डेनिम कापड होते आणि मधल्या पडद्याच्या वर एक गोल, काट्यांचे घड्याळ बसवले होते. निस्मो (निस्सानच्या शर्यत विभागाचे नाव) हे शर्यतीचे रूप. चाकांवरचे फेंडर फुगवलेले, कार्बन फायबरचा वापर, १९ इंची चाके, बाजूने बाहेर पडणारा सायलेन्सर आणि आत लाल अल्कांताराची (मऊ चामड्यासारख्या कापडाची) बैठक. दोन्हींची लांबी सुमारे ४.१ मीटर, म्हणजे जवळजवळ जुन्या ५१० इतकीच. रुंदीत मात्र फरक पडतो. मूळ गाडी दीड मीटरहून थोडीच अधिक रुंद होती, फ्रीफ्लो सुमारे १.७ मीटर आणि निस्मो सुमारे १.८ मीटर. टोकियोत आणि पुढे जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोक निस्मोभोवती रेंगाळले असतील यात नवल नाही, कारण ती गाडी उभ्या जागी धावत असल्यासारखी दिसते. माझे मन मात्र फ्रीफ्लोकडे ओढ घेते, आणि त्याचे कारण ५१० च्या इतिहासात आहे.

कारप्रेमींनी आयडीएक्सचे जे उत्साहाने स्वागत केले, ते नुसत्या जुन्या आठवणींच्या उमाळ्यापोटी नव्हते. ५१० ही मुळात साधी, कुटुंबाने वापरायची, परवडणारी गाडी होती. अमेरिकेत ती आली तेव्हा तिची किंमत २,००० डॉलरच्या किंचित खाली होती, आणि तेवढ्या पैशांत ओव्हरहेड कॅमचे १.६ लिटरचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि सेडानमध्ये मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळत असे. त्या काळी अशी रचना मिळवायची तर ग्राहकाला युरोपातल्या बऱ्याच महाग गाडीकडे वळावे लागे. अमेरिकेतील निस्सानचे काम उभे करणारे युताका कातायामा यांनी त्या बाजारासाठी मोठ्या १.६ लिटर इंजिनाचा आग्रह धरला होता, आणि त्यांचा तो आग्रह किती योग्य होता हे पुढे शर्यतींनी दाखवून दिले. १९७० मध्ये पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली या गाडीने जिंकली, आणि १९७१ व १९७२ अशी सलग दोन वर्षे ब्रॉक रेसिंग एंटरप्रायझेस या संघाच्या ५१० मधून जॉन मॉर्टन यांनी अमेरिकेतील ट्रान्स-ॲम या शर्यतींच्या मालिकेतील अडीच लिटरखालच्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. दुकानात जाऊन सामान आणणारी गाडी तीच आणि मोठमोठ्या नावांना मागे टाकणारीही तीच, ही ५१० ची खरी मोहिनी आहे. निस्मोचे फुगवलेले अंग त्या मोहिनीचा अर्धाच भाग दाखवते. साध्या, सडपातळ फ्रीफ्लोमध्ये ती अधिक पूर्णपणे दिसते, असे माझे मत आहे.

स्वागताच्या पाठोपाठ सर्वांत मोठी नाराजी उमटली ती गिअरबॉक्सवरून. निस्मोसाठी कंपनीने १.६ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सांगितले आणि त्याच्या जोडीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स. सीव्हीटीमध्ये दोन पुलींवरून फिरणारा पट्टा असतो. पुलींची रुंदी बदलत गेली की गुणोत्तर सलग बदलत जाते, त्यामुळे इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर राहते आणि इंधन वाचते. शहरातल्या गाडीसाठी हा उत्तम गुण आहे. पण वेगाची गाडी चालवणाऱ्याला इंजिनाचा आवाज चढताना ऐकायचा असतो, योग्य क्षणी क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा असतो, वळणाआधी खालचा गिअर घेऊन गाडी सावरायची असते. सीव्हीटीत आवाज एका पट्टीत अडकतो आणि वेग त्याच्या मागून येत राहतो. निस्मोच्या सीव्हीटीला सहा टप्प्यांचा मॅन्युअल मोड दिला होता, पण ते टप्पे इलेक्ट्रॉनिक्सने ठरवलेले थांबे होते आणि त्यांनी कोणाचेही समाधान झाले नाही. ही टीका मला पूर्णपणे रास्त वाटते. त्याच काळात निस्सानच्या ज्यूक निस्मोमध्ये १.६ लिटरचे टर्बो इंजिन पुढच्या चाकांना ताकद देताना सहा गिअरच्या मॅन्युअल बॉक्ससह मिळत होते. म्हणजे मॅन्युअल गिअरची हौस असणारा ग्राहक कंपनीला चांगला ठाऊक होता. असे असताना ५१० च्या चेहऱ्याच्या गाडीत क्लचचे पेडल नसावे, ही गोष्ट जिवाला लागते.

दुसरी टीका कल्पनेच्या मुळावर होती. १९९० नंतर जन्मलेल्या तरुणांना सोबत घेऊन ही गाडी घडवली, असे निस्सानने सांगितले होते. त्यावर काही जणांनी विचारले की नव्या पिढीला विचारूनही आजोबांच्या काळातली गाडीच बनणार असेल, तर विचारले कशाला? हा आक्षेप मला मान्य नाही. त्या पिढीने जुन्या चौकोनी गाड्या रस्त्यावर कमी पाहिल्या असतील, पण संगणकावरच्या शर्यतींच्या खेळांत त्या वर्षानुवर्षे चालवल्या आहेत, त्यामुळे या घाटाशी तिचे नाते स्वतःचे आहे. कोणाला निस्मोमध्ये ५१० ऐवजी हाकोसुका स्कायलाइन, म्हणजे निस्सानचीच दुसरी जुनी चौकोनी गाडी, दिसली. १९६९ ची पहिली स्कायलाइन जीटी-आर चार दारांचीच सेडान होती, तेव्हा ही तुलनाही अगदी योग्य घराण्याशी जाऊन भिडते.

पुढे ही गाडी बनली नाही. बॉनेट लांब आणि बैठक मागे सरकलेली, हा बांधा पाहून साऱ्यांनी मागच्या चाकांना ताकद मिळेल असे धरून ठेवले होते. पण एवढ्या छोट्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी लागणारा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा पायाभूत सांगाडा, निस्सानच्या हाताशी नव्हता. झेड या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालिकेचा प्लॅटफॉर्म मोठा आणि महाग होता. स्वस्त गाडीसाठी नवा प्लॅटफॉर्म उभा करणे किती जड असते हे २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ वरूनही कळते, कारण टोयोटासारख्या कंपनीनेही ती गाडी सुबारूबरोबर खर्च वाटून घेऊन बनवली. २०२२ पासून विकली जाणारी नवी निस्सान झेड जुन्या घाटाची आठवण ठेवते, तिला ४०० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे आणि मॅन्युअल गिअरही मिळतो. ती चांगली गाडी आहे, पण दोन आसनांची. मागे मुलांना बसवून घरी आणता येईल आणि मोकळ्या रस्त्यावर मन भरून चालवता येईल, ती स्वस्त चौकोनी सेडान निस्सानच्या दालनात अजून आलेली नाही.

ज्यांना ती हवी आहे ते अजूनही जुनी ५१० शोधून काढतात, गंज खरवडून पत्रा दुरुस्त करतात आणि बॉनेटखाली निस्सानच्याच सिल्व्हिया या स्पोर्ट्स गाडीतले दोन लिटरचे एसआर२० टर्बो इंजिन बसवतात, आणि त्याच्या मागे मॅन्युअल गिअरबॉक्स.